लेखाशीर्षाखालचं पाणी

नस्ती माझ्या टेबलावर आली तेव्हा
तिच्यावर चार शेरे होते आणि चार रंगांच्या शाया.
विषय : आरे येथील मत्स्यबीज केंद्र चालू ठेवावे किंवा कसे.
उत्पन्न एक लाख बेचाळीस हजार.
खर्च अकरा लाख, वर काही शे.
फरकाभोवती कुणीतरी लाल गोल काढलेला,
शाळेत चुकलेल्या गणिताभोवती काढतात तसा.

मी पाहायला गेले. नियमानं जायची गरज नव्हती.
तबेल्यांच्या मागून उतरणारी वाट,
फाटकावरच्या फलकातला 'म' गंजून पडलेला.
आत बारकू धिंडा, रोजंदारी, एकोणीस वर्षं.
हजेरीपटावर त्याचं नाव पेन्सिलीनं लिहितात.

त्यानं चहाचा कप हौदात बुडवून माझ्यापुढे धरला.
"मोजा बाई."
मला नुसतं गढूळ हलताना दिसलं.
"पंचवीस हजार. याला जिरं म्हणायचं.
मोठं झालं की बीज. बोटाएवढं झालं की बोटुकली.
ह्यांचं नाव दर महिन्याला बदलतं,
आमचंच तेवढं रोजंदारी राहिलं."

पलीकडच्या गोल हौदात कटल्याची अंडी फिरत होती.
अठरा तास फिरावी लागतात.
पाणी थांबलं की तळाला बसतात
एकमेकांवर, आणि पांढरी पडतात.

साडेचारला पंप थांबला.
वीज गेली नव्हती, तोडली होती,
फेब्रुवारीपासूनच्या बिलापायी.
आमच्याकडे पैसा एकतीस मार्चला रात्री उशिरा येतो
आणि खर्ची पडला नाही तर त्याच रात्री परत जातो.
मासा अंडी घालतो आषाढात.
या दोघांची गाठ घालून द्यावी
असं कुठल्याच शासन निर्णयात नाही.

"जनरेटर?"
"आहे ना."
"डिझेल?"
"तेही आहे. तुमच्याकडच्या कागदात."
बारकूनं फळी उचलली आणि हौदाच्या काठानं
पाणी ढकलत चालू लागला,
न बोलता, एकाच दिशेनं.

सातला मी चपला काढल्या, पदर खोचला,
दुसरी फळी घेतली.
पाणी एवढं जड असतं
हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं.
रात्री त्याची सून वंशी भाकरी आणि सुकट घेऊन आली.
आम्ही आळीपाळीनं खाल्लं, उभ्यानं.
मग तीही ढकलायला लागली, आमच्यापेक्षा बरं.
मधेच कधीतरी मी मोठ्यानं म्हणाले,
सुधारित अंदाजात घ्यायला हवं होतं हे.
कुणी काही विचारलं नाही.

सोमवारी टिपणी लिहायला बसले.
'केंद्र चालू ठेवावे.' पुढे कारण लागतं.
लिहिलं, वसईच्या तलाव सोसायटीचे श्री. आग्नेल तुस्कानो
यांची ऐंशी हजार बोटुकलींची मागणी नोंदलेली आहे.
लिहिलं, एवढं बीज जवळपास दुसरीकडे मिळत नाही.
लिहिलं, रात्री मनुष्यबळाने पाणी ढवळून
अंडी वाचविण्यात आली.
तेवढ्यात फोन आला.
"बाई, डोळे आले."
म्हटलं, अरे, औषध घाल, चोळू नकोस, दवाखान्यात जा.
"माझे नाही हो. जिऱ्याचे.
काळे ठिपके दिसाय लागलेत, दोन-दोन."
हे टिपणीत कुठे घालावं कळेना.

विजेचं बिल कुणीतरी भरलं.
कुणी, ते नस्तीत नाही, मीही सांगणार नाही.
पण एका पासबुकावर
सरकारी हौद कितीदा फिरणार?

काल नस्ती परत आली. पाचवा शेरा, हिरव्या शाईत :
'मनुष्यबळाने पाणी ढवळण्याचा दर
कोणत्या दरसूचीत अंतर्भूत आहे? खुलासा व्हावा.'

तळहातावरचे फोड आता वाळलेत.
मी दोनदा पेन उघडलं.
तिसऱ्यांदा बारकूला फोन लावून विचारलं,
तुझ्या मते किती लिहू?
तो बराच वेळ हसत होता.
त्याच्या मागे पंप चालू असल्याचा आवाज येत होता.